उघड्या दारातलं गाणं

राजेळी केळी तळताना तो गोड, जरासा करपट वास सुटला की मला पार्सिपनीतलं जुनं अपार्टमेंट आठवतं.

मी तेव्हा अमेरिकेत नवा होतो, बायको अजून नागपूरलाच होती. वरच्या मजल्यावर घानाच्या आंटी अमा राहत. एका दुपारी त्यांच्याकडून नाचाची गाणी आणि टाळ्या ऐकू आल्या. वाढदिवस असणार असं समजून आईने दिलेल्या पेढ्यांतले उरलेले अकरा घेऊन मी वर गेलो. दार सताड उघडं होतं.

"हॅपी बर्थडे, आंटी!"

सगळे नाचता नाचता थांबले. त्यांच्या देशाची मोठी गायिका वारली होती, आणि त्यांच्याकडे दुखवट्यात नाचतात. मी ओशाळून डबा पाठीमागे नेला.

"लपवतोस काय? आण इकडे!" आंटींनी डोळे पुसून पेढा तोंडात टाकला. "बाईने बँड घेऊन स्टेजवर उभं राहायचं नाही, असा तो काळ. ही उभी राहिली. तिला बघून माझ्या आईने स्वतःचं दुकान टाकलं." त्यांनी तळलेल्या केळ्यांची बशी माझ्या हातात दिली. "बस. आज दार लावायचं नसतं, ज्याला यायचं त्याने यावं."

तेव्हा मला ते सगळं विचित्रच वाटलं होतं. गेल्या वर्षी बायको गेली तेव्हा लोक आले, हळू आवाजात बोलले आणि जाताना दार ओढून घेऊन गेले.

आज मी त्याच गायिकेचं गाणं मोठ्याने लावलं आणि दार उघडं ठेवलं. आवाज कमी करा म्हणायलाही कुणी आलं नाही.