शेजारच्या खाटेचं विचार

आमच्या ट्यूटर मॅडमनी मला त्यांच्या रिसर्चच्या कामाला घेतलं ते मी हुशार होते म्हणून नाही. अजिबात नाही! नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते मी, अ‍ॅनाटॉमीत कशीबशी पास झालेली. पण मला मराठी आणि कन्नड सारखंच यायचं, हुबळीच्या देशपांडे नगरात वाढलेल्या कुठल्या पोरीला येत नाही? शिवाय मॅट्रिकनंतरच्या सुट्टीत मी टायपिंग शिकले होते, आणि तिसरं म्हणजे माझं तोंड. मॅडम भर वर्गात म्हणाल्या, "तुझी बडबड थांबवणं मला काही जमत नाही. निदान ती कामाला तरी लावते."

सगळा वर्ग हसला. मी पण हसले. आता वाटतं, किती उपकार झाले माझ्यावर त्या एका वाक्यानं!

आमचं हॉस्पिटल एका ट्रस्टचं, उणकलच्या पुढे धारवाड रस्त्यावर. मॅडम बंगळूरला नर्सिंगचं एम.एस्सी. करत होत्या आणि प्रबंधासाठी माहिती गोळा करायला आमच्याकडेच परत आल्या होत्या. विषय साधा: ऑपरेशन झालेल्या बाईला नर्सकडून काय हवं असतं, आणि ते तिला मिळतं का? मला तर वेडच लागलं ऐकून. म्हणजे आम्ही जे रोज करतो त्याच्यावर रिसर्च होतो? ताप बघणं, चादर बदलणं, याच्यावर? मला वाटायचं रिसर्च म्हणजे उंदीर आणि काचेच्या नळ्या.

मॅडमची अभ्यासाची रजा दसऱ्यापर्यंत होती. त्याच्या आत प्रबंध गेला नाही तर सगळं आणखी एक वर्ष पुढे. आणि ते वर्ष त्यांना नको होतं, कारण त्यांची चार वर्षांची मुलगी अभ्यास संपेपर्यंत बेळगावला आजीकडे होती. मिस्टर सैन्यात, लांब कुठेतरी. मॅडम विद्यानगरात एक खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी बेळगावची बस धरायच्या. एकदा प्रश्नावलीचं स्टेन्सिल टाइप करता करता मी विचारलं, "काय म्हणते मुलगी?" तर म्हणाल्या, "मला मावशी म्हणायला लागलीय." आणि हसल्या. मी टाइप करताना कधी चुकत नाही, पण त्या ओळीत तीन चुका झाल्या.

तर मी प्रश्नावली घेऊन बायकांच्या सर्जिकल वॉर्डात गेले. उत्साह एवढा की विचारू नका! पहिल्या खाटेवरची म्हणाली, "एल्ला चलो ऐत्री." म्हणजे सगळं चांगलं आहे. दुसरी? "एल्ला चलो ऐत्री!" तिसरी मराठी होती, ती म्हणाली, "सगळं छान आहे हो." इंजेक्शन देण्याआधी सिस्टर सांगतात का? सांगतात. हाक मारली की येतात का? येतात. एकीचा हात सलाईननं टम्म सुजला होता आणि तीही म्हणत होती की काही त्रास नाही!

आठवडाभर हेच. माझी धारवाडची मैत्रीण, माझ्याच वर्गातली, मला चिडवायची, "तुझी प्रश्नावली म्हणजे देवळातली आरती झालीय गं. सगळ्या एका सुरात!"

मॅडम म्हणाल्या, युनिफॉर्म बघून घाबरत असतील, साडीत जा. मग मी आईची इरकली नेसून गेले. झालं काय, तर त्यांना वाटलं मी कुणाची तरी नातेवाईक. एका आजींनी मला शेंगदाण्याचा लाडू दिला. दुसऱ्या म्हणाल्या, "माझा पुतण्या रेल्वेत आहे, हुबळीतच. तुझ्या अप्पांचा पत्ता सांग." प्रश्नाचं उत्तर मात्र तेच, सगळं छान.

शेवटी धारवाडच्या एका शिक्षिका बाईंनी मला जवळ बसवून घेतलं. "हे बघ तंगी," त्या म्हणाल्या. तंगी म्हणजे धाकटी बहीण. "यांनी माझं पोट उघडून परत शिवलं. मला जगवलं. आणि मी यांच्याविरुद्ध कागदावर लिहून देऊ? माणूस आहे का कोण मी?"

मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा असेल! कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या आभारी होत्या, मनापासून. आणि तेच आभार आमच्या आड येत होते.

मग बंगळूरहून मॅडमच्या गाईड सरांचा ट्रंक कॉल आला. ऑफिसच्या दाराबाहेर मी उभी. आतून नुसतं "यस सर... यस सर..." बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "सर म्हणतात, सगळ्याच खूश असतील तर लिहिणार कशावर? विषय बदला म्हणाले." नवा विषय म्हणजे पुढचं वर्ष. हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या खाटा संपवायच्या म्हणून मी गेले. अळणावरकडच्या एका खेड्यातल्या आजी होत्या, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या. शेतात राबलेलं माणूस, आवाज खणखणीत. मी विचारलं, "आजी, काही हवं होतं आणि मिळालं नाही, असं झालं का?"

"न्हाई बाय. माझं समदं झ्याक हाय."

मी पेनाला टोपण लावलं. उठणार, तेवढ्यात आजी खालच्या आवाजात म्हणाल्या, "पर त्या खिडकीजवळच्या पोरीकडं बघितलीस का? केसांचा पार जटाधारी झालाय तिचा! एक हात सलायनीत. बरुबर फकस्त नवरा, त्यो काय येणी घालणार? त्यो लाजून भाईर बसतुय. सासू यायची हाय म्हणून ही पदराखाली रडतीय. कुनी इचारतंय का?"

मी पेनाचं टोपण परत काढलं. "आजी, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू तिचं कुठं इचारलीस? माझं इचारलीस."

मी तशीच खिडकीजवळ गेले. ती पोर माझ्याच वयाची, कन्नड बोलणारी. केसांचं विचारलं तर म्हणाली, "चलो ऐत्री." पदर आणखी पुढे ओढला. मग मी म्हटलं, "बरं, त्या समोरच्या आजींना काही कमी पडतंय का?" तर ही भडाभडा बोलायला लागली! आजी पाणीच पीत नाहीत. कारण पाणी प्यायलं की बेडपॅन मागावं लागतं, आणि वॉर्डात बाप्ये नातेवाईक बसलेले, पडदा कुणी लावत नाही. आजी ओठ चाटत पडून राहतात. "त्या सांगणार नाहीत तुम्हाला," ती म्हणाली, "त्यांना लाज वाटते."

मी धावले. वॉर्डात धावायचं नसतं, पण धावले! मॅडम कँटीनमध्ये उपीट खात होत्या. मी काय बोलले, कुठल्या भाषेत बोलले, मला आठवत नाही. मॅडमनी चमचा खाली ठेवला. "परत सांग. हळू."

मी परत सांगितलं. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि प्रश्नावलीच्या वरच पहिला प्रश्न लिहिला: शेजारच्या खाटेवरच्या बाईला काय कमी पडतं?

आणि वॉर्ड बोलायला लागला! खरंच सांगते, आम्हाला लिहून पुरं होईना. पाण्याचा तांब्या हाताला लागत नाही असा ठेवतात. इंजेक्शन न सांगता टोचतात, तिचं अंग दचकतं. आणि केस, केस, केस! आमच्या पुस्तकात केस विंचरणं होतं की, परीक्षेला यायचं, सगळ्या पायऱ्या पाठ होत्या आम्हाला. पण वॉर्डात ते नातेवाइकांचं काम, असं सगळ्यांनीच धरलेलं. मॅडमच्या प्रश्नावलीतही केसांवर एक प्रश्न नव्हता. त्यांनी स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

सरांना कळवलं. सर फोनवर म्हणाले, बरं, पण ही ऐकीव माहिती झाली. तुम्ही स्वतः वॉर्डात बसून बघा आणि ताडून पहा. आणि तोवर कशाला हात लावू नका. तुम्हीच सुधारणा केलीत तर बघणार काय?

बरोबरच होतं त्यांचं. मॅडम वॉर्डाच्या दाराशी स्टुलावर बसल्या, मांडीवर कागद. मी शेजारी उभी. खिडकीजवळच्या पोरीनं लॉकरमधून कंगवा काढला. त्या दिवशी दुपारी सासू येणार होती. एका हातानं ती केसांत कंगवा घालत होती, तो अडकत होता, ती ओढत होती. मग कंगवा तसाच केसांत राहिला आणि तिनं हात खाली सोडला. मॅडम बघत होत्या. लिहीत होत्या. मग लिहायच्या थांबल्या.

"खोबरेल तेल आण," मला म्हणाल्या.

"मॅडम, सरांनी सांगितलंय की..."

"सर बंगळूरला आहेत. हिचे केस इथं आहेत."

मॅडमनी तिच्या डोक्याला तेल लावलं, बोटांनी एकेक गुंता सोडवला. समोरून आजींचं चालूच, "वरनं नको, खालनं सोडव! व्हय, तसं!" मॅडम हसत म्हणाल्या, "आजी, तुम्हीच परीक्षा घ्या माझी." वेणी झाली तेव्हा त्या पोरीनं आरसा मागितला. मग मॅडमनी पडदा ओढून आणला आणि आजींच्या खाटेभोवती लावला. आजी म्हणाल्या, "मला कशाला?" थोड्या वेळानं त्यांनी घटाघटा दोन पेले पाणी प्यायलं.

पण संध्याकाळी मॅडमनी त्या दोन्ही खाटा अभ्यासातून काढून टाकल्या. मी म्हटलं, कुणाला कळणार आहे? त्या म्हणाल्या, "मला." आणि पुढचाही प्रश्न होताच. अशी एकेक बाई दिसली की हात लावायचाच नाही का? आणि हात लावला की ती खाट बाद. नव्या बायका, नव्या मुलाखती, आम्ही दोघीच. दसरा तोंडावर आलेला. मॅडम म्हणाल्या, "बेळगावला कळवून टाकते. पुढच्या वर्षी."

मी हॉस्टेलवर येऊन सगळं सांगितलं. सांगणारच ना, मी आहे ती! आणि ती आरतीवाली मैत्रीण उठून म्हणाली, "मग आम्ही काय मेलोय का? ऑफ ड्यूटीला झोपाच काढतो ना!"

तिनंच डोकं लावलं. दोन टोळ्या करायच्या. एकीनं बघायचं, लिहायचं, मॅडमला दाखवायचं. त्या खाटेचं बघून झालं की लगेच दुसरीनं कंगवा, पाणी आणि पडदा घेऊन जायचं. कुणाला उगाच थांबायला नको. मॅडमनी ऐकून घेतलं आणि तिथंच टोळ्यांची यादी करायला बसल्या.

वॉर्ड सिस्टर आधी भडकल्या. "आमच्या चुका काढायला आलात काय ग?" मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, एवढ्या खाटांना तुम्ही दोघीच. हेही लिहिणारच आहे मी." त्यानंतर सिस्टरांनीच स्टोअरमधून आणखी एक पडदा मिळवून दिला.

प्रबंध मी टाइप केला. काय टाइप केला म्हणून सांगू! टायपिंग इन्स्टिट्यूटचे मालक म्हणायचे, "हळू बाई, मशीन माझं आहे." रजा संपायच्या आत मॅडम तो घेऊन बंगळूरला गेल्या. खाटा का गाळल्या ते त्यांनी आत स्पष्ट लिहिलं होतं. सर त्यावर काय म्हणतील, याचीच धास्ती होती आम्हाला.

तोंडी परीक्षा झाली आणि त्या परत येणार त्या दिवशी आम्ही सगळ्या हुबळीच्या बस स्टँडवर. मी आज दुसऱ्या हॉस्पिटलात नोकरी करते, नव्या पोरी माझ्या हाताखाली येतात, आणि दर वेळी कुणाला शेजारच्या खाटेचं विचारते तेव्हा मला त्या आजी, ती खिडकीजवळची पोर, त्या शिक्षिका बाई आठवतात. त्यांची मी किती ऋणी आहे हे त्यांना कधीच कळणार नाही. पण त्या दिवशी मनात फक्त मॅडम होत्या.

बस आली. मॅडम उतरल्या, धुळीनं भरलेल्या. आमच्यातलं कुणी विचारायचं धाडसच करेना. मीसुद्धा!

मॅडमनी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "विद्यानगरात बालवाडी कुठली चांगली आहे ग? आता मधूनच घेतील का?"

एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग जी बोंब ठोकली आम्ही! कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "काय अक्का, लग्न ठरलं काय कुणाचं?"

"नाही अण्णा," माझी मैत्रीण ओरडली, "आमच्या मॅडमची मुलगी घरी येणार!"