कुंकवाखालचे वॅट

मंडळी, आज दुपारी घाटकोपरच्या दुकानात माझी ऐट पाच मिनिटांत उतरली.

आमच्या घरी एकच कॉम्प्युटर. त्यावर लेक थ्रीडी डिझाइन शिकते आणि माझे वडील भजनांचे व्हिडिओ जोडतात. दोघांचंही काम अडकायला लागलं म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेले.

"ताई, पॉवर सप्लाय किती वॅटचा?" दुकानदाराने विचारलं.

सकाळी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून काढलेला फोटो मी रुबाबात पुढे केला. पॉवर सप्लायच्या स्टिकरवर आकड्याच्या जागी कुंकवाचा जाड थर! बाबा कारखान्यात फिटर होते. दर दसऱ्याला ते आतली धूळ झाडतात आणि सगळ्यांना करंट देणारा डबा म्हणून त्यालाच हळदकुंकू वाहतात.

"साडेचारशे असेल. बिनधास्त मोठं कार्ड घ्या!" दुकानदार म्हणाला.

नुसत्या "असेल"वर घ्यायचं? अजिबात नाही. घरी फोन लावला. "बाबा, ते कुंकू पुसा आणि खालचा आकडा वाचा."

"पूजेचं आहे गं ते."

"पुसा ना, नाहीतर तुमच्या भजनांची वाट लागेल."

थोड्या वेळाने आवाज आला, "तीनशे."

मोठ्या कार्डाला तेवढी वीज पुरली नसती, मग मी छोटंच कार्ड घेतलं. ते मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच वीज घेतं, वेगळी वायर लागत नाही. घरी येऊन मीच बसवलं. झकास चालतंय! तुम्ही घेताना आकडा वाचता की दुकानदाराचं "असेल" ऐकता?

झाकण लावणार, तेवढ्यात बाबा करंडा घेऊन हजर. नव्या कार्डाकडे वाकून म्हणाले, "आता आधी सांग, कुठे काही लिहिलेलं नाहीये?"