छत्री कशी आहे?

दर रविवारी दुपारी दोन वाजता फोन वाजतो. मुलगी ऑस्ट्रेलियात असते, समुद्रातल्या प्रवाळांवर काम करते. फोन उचलला की तिचा पहिला प्रश्न, "बाबा, छत्री कशी आहे?" बाप कसा आहे हा प्रश्न चौथा नाहीतर पाचवा. कधी कधी राहूनच जातो.

ही छत्री पावसातली नव्हे. आमच्या बडोद्यातल्या वासण्याच्या फ्लॅटमध्ये, पूर्वी टीव्ही होता त्या जागी, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. मुलगी इथे युनिव्हर्सिटीत शिकत होती तेव्हा तिने हौसेने मांडलेली. दोन नारिंगी मासे, चार-सहा गोगलगायी, आणि मधल्या दगडावर एक मऊ प्रवाळ, तीच ही छत्री. जाड देठ, वर पसरट टोपी, आणि टोपीभर बारीक बोटं दिवसभर हलत असतात. प्रवाळ हा प्राणी, बरं का. चुकून झाड म्हटलं की पोरगी अंगावर यायची. आणला तेव्हा बोटाच्या पेराएवढा होता, ती गेली तेव्हा वाटीएवढा. जाताना विमानतळावर गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, छत्रीला सांभाळा." तिची आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. स्वतःला सांभाळा म्हणतेय असं मला क्षणभर वाटलं होतं, ते जाऊ दे.

मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं क्वालिटीच्या खात्यात काढली. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवायचो आणि वर चार शब्द ऐकवायचो. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. जमीन-जुमला काही आला नाही आमच्या वाट्याला, नाकावरचा राग तेवढा आला. तेव्हा टाकी माझ्या हातात आल्यावर मी ती मशीनसारखीच चालवली. वही घातली. खारटपणा, तापमान, क्षारता, कॅल्शियम, सगळं दर बुधवारी. टाकीतलं पाणी रोज थोडं आटतं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, तीही गाळलेल्या. रोज सकाळी चहाच्या आधी मी दीड-दोन लिटर पाणी घालायचो. चार वर्षांत एक दिवस चुकलो नाही.

मागच्या दिवाळीत स्वयंपाकघरातलं पाणी गाळायचं जुनं मशीन गळायला लागलं. मी फोनवर सहज बोललो, तर चौथ्या दिवशी नवंकोरं दारात हजर. मुलीने तिकडून मागवलं होतं. "बाबा, सांधे धरतात ना तुमचे? आईच्या हंड्यातल्या पाण्याचे सगळे गुण याच्यात आहेत. भरपूर प्या." मी बरंच बडबडलो, एवढं महाग कशाला वगैरे. पण बसवणारा माणूस गेल्यावर स्टूल घेऊन त्या मशीनसमोर बसलो आणि उगाच दोन ग्लास पाणी प्यायलो. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले होते.

आधी गोगलगायी गेल्या. एकेक करून तळाशी पडायच्या. म्हटलं, म्हाताऱ्या झाल्या असतील. मग संक्रांतीच्या आठवड्यात छत्री मिटली. बोटं आत, टोपी चामड्यासारखी. हा प्रवाळ मधूनमधून कात टाकतो, चार-पाच दिवस मिटून बसतो, पुन्हा उघडतो. म्हणून मी थांबलो. उतराणचा दिवस, अख्खं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर, डोक्यावर 'काप्यो छे'चा नुसता गिल्ला, आणि मी खाली हातात पाणी तपासायची काचेची नळी धरून थेंब मोजतोय. सगळे आकडे बरोबर! आकडे चुकले असते तर बरं वाटलं असतं, निदान कोणावर तरी ओरडता आलं असतं.

दहा दिवस झाले, पंधरा झाले. छत्रीची एक कड वितळल्यासारखी झाली. टाकीचं मीठ देणाऱ्या दुकानदाराकडे जाऊन मी भांडलो, तुझं मीठ भेसळीचं आहे म्हणून. तो बिचारा गुजराती माणूस, शांतपणे म्हणाला, "काका, माछली मजामां छे ने? तो पाणी बराबर छे." मासे मजेतच होते मेले. मी मीठ बदललं, दिवा बदलला, पाणी दोनदा बदललं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

आणि रविवार तर चुकत नव्हता. "बाबा, छत्री कशी आहे?" मी म्हणायचो, "मस्त!" आणि फोन लांबून फिरवायचो, मासे दिसतील असा. एकदा नेट गेल्याचं नाटक केलं. एकदा जुना व्हिडिओ पाठवला. आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे रिपोर्ट पकडले आणि सत्तरीला टेकल्यावर स्वतः खोटा रिपोर्ट द्यायला लागलो. पण मला भीती वाटत होती. छत्री गेली तर ही पोरगी विचारणार काय? दहा हजार किलोमीटरवरून तिला या घराकडे ओढणारं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. छत्री गेली तर पहिल्यांदा फोन आखूड होणार, मग पंधरा दिवसांनी येणार. देव पाण्यात घालून बसलो होतो.

शेवटी टाकीतल्या पाण्याची बाटली भरून जुन्या कंपनीत गेलो. तिथे प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचं खातं आहे. तिथला लॅबमधला माणूस माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याने चहा मागवला, बाटली आत नेली, आणि अर्ध्या तासाने येऊन म्हणाला, "साहेब, यात तांबं आहे."

"शक्यच नाही. परत बघ."

"दोनदा बघितलं, साहेब. मासे जगले आणि गोगलगायी मेल्या ना? तांब्याचंच काम. माशांना थोडं चालतं. बिनहाडाच्या जिवांना जहर."

"अरे, घरात नळापासून टाकीपर्यंत सगळं प्लॅस्टिक आहे! आकाशातून पडलं का तांबं?" असं म्हणून मी त्याचा चहा अर्धा टाकून निघालो.

घरी आलो, तहान लागली होती. मशीनखाली ग्लास धरला आणि नजर वर गेली. चार महिने रोज बघत होतो ती तपकिरी पट्टी. त्यावर लिहिलं होतं, तांब्याच्या गुणांनी युक्त शुद्ध पाणी. काखेत कळसा नि गावाला वळसा. टाकीत रोज दोन लिटर घालत होतो ते याच मशीनचं. पाणी उडून जात होतं आणि तांबं टाकीत साठत होतं. आणि मी, क्वालिटीतला माणूस, स्वतःच्या हाताने ते ओतत होतो.

पहिला राग मशीनवर आला. मग स्वतःवर. मग लेकीवर येता येता एकदम थांबला. बापाचे गुडघे दुखतात म्हणून तिने पाठवलं होतं ते. तिला कळलं तर? समुद्रातले प्रवाळ वाचवणारी पोरगी, तिच्याच भेटीने तिचीच छत्री मेली हे तिला कोण सांगणार? मी तरी नाही.

त्या रविवारी तिने विचारायच्या आत मीच बोललो. "हे बघ, छत्री जवळजवळ गेली. चूक माझी आहे. माळ्यावरून तुझ्या आईचा तांब्याचा हंडा काढला होता. त्यातलंच पाणी टाकीत घालत होतो."

ती जी सुरू झाली! "बाबा, तांब्याचा हंडा? शिकलेली माणसं ना तुम्ही? एकदा विचारता येत नाही? कोणाचं ऐकायचंच नाही, आई म्हणायची तेच खरं!" दगडांनीसुद्धा तांबं प्यायलेलं असतं, ते सगळे फेकायला लागतील, म्हणाली. ते दगड तिने एकेक करून रचले होते. मध्येच रडली. पुन्हा ओरडली. मला उभ्या जन्मात असं कोणी झापलेलं नाही, आणि झापलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी मात्र मान खाली घालून "हो बेटा, चुकलं" म्हणत राहिलो. पाऊण तास बोलली. गेल्या दोन वर्षांत एवढी कधी बोलली नव्हती. मला, देवा शपथ, बरं वाटत होतं.

शेवटी नाक पुसत म्हणाली, "आणि तुम्ही कुठलं पाणी पिता? मी पाठवलेलं मशीन वापरता ना?"

"रोज. एकदम फर्स्ट क्लास."

तिने सांगितलं तसं छत्रीच्या देठाचा चांगला राहिलेला पेराएवढा तुकडा कापून काचेच्या लहान टाकीत ठेवला. छाणीला एक जण बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी बनवतो, त्याच्याकडून स्कूटरवर कॅन आणला. मासे दुकानदाराकडे ठेवले आणि मोठी टाकी रिकामी केली. दगड गच्चीवर नेऊन ठेवले, फेकवले नाहीत.

पुढच्या रविवारी दोन वाजता फोन वाजला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कसे आहात?"

चार वर्षं ज्याची वाट बघितली तो प्रश्न पहिला आला आणि दोन शब्दांत आटोपला. "बरा आहे," म्हणालो. ती "बरं" म्हणाली. नुसता पंख्याचा आवाज येत होता. आता ठेवते म्हणेल या भीतीने मीच घाईघाईने म्हणालो, "थांब, तुला तुकडा दाखवतो."

"दिसत नाही, बाबा. जवळ न्या."

इतके दिवस लांब धरलेला फोन मी काचेला टेकवला. तुकडा मिटलेलाच होता. काही हलत नव्हतं.

"उघडला नाही अजून," मी म्हणालो. "ठेवू का?"

"नको," ती म्हणाली. "असाच धरा जरा."

माझा हात भरून आला, तरी मी फोन तसाच धरून उभा राहिलो.