मार्टिनच्या डोंगरातले दोन किलोमीटर

सायकलचं पुढचं चाक आसापर्यंत काळ्या चिखलात रुतलं होतं आणि हँडलवरचा जीपीएस सांगत होता की मी रस्त्यावर आहे. मी खाली उतरले, तर माझाही पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. बूट ओढून काढत होते तेवढ्यात वरच्या कुंपणापाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. अंगात जुनं जॅकेट, हातात काठी, सोबत कुत्रा.

"डावीकडे वळ. दगडावर पाय ठेव," तो म्हणाला. मी बाहेर आल्यावर पुढे म्हणाला, "परवानगी मागायला आली असशील, तर नाही."

"मी अजून काही विचारलंच नाही."

"नकाशा घेऊन आलीस म्हणजे विचारणारच."

हा मार्टिन. आयर्लंडमधल्या स्लायगोपासून तासाभरावरच्या एका खोऱ्यात त्याची मेंढरं होती. आणि मी तेव्हा माउंटन बाइक टूर काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत रूट प्लॅनर होते. नवरा स्लायगोच्या हॉस्पिटलात डॉक्टर, म्हणून आम्ही तिथे. माझं शिक्षण पुण्यातलं, भूगोल आणि नकाशे. सायकल चालवणारे लोक सकाळी कुठून निघतील, कुठे चढतील, कुठे जेवतील, पाऊस आला तर कुठून खाली उतरतील, हे ठरवणं माझं काम. ऐकायला मजेचं वाटतं. प्रत्यक्षात त्यातला अर्धा वेळ फाटकं मोजण्यात जातो.

हा रूट पहिल्यांदाच पूर्ण माझा होता. दोन दिवसांचा, दोन खोऱ्यांतून. दोन्हीकडे जंगलखात्याचे खडीचे रस्ते होते. मधे दोन किलोमीटरचा डोंगर. तेवढा तुकडा जुळला तर रूट सुंदर होत होता. नाही जुळला तर लोकांना नऊ किलोमीटर मुख्य रस्त्यावरून न्यायचं, तेही अरुंद वळणांवर, लॉऱ्यांच्या शेजारून. नकाशावर त्या डोंगरातून ठिपक्यांची रेघ जात होती. ती म्हणजे बॉगमधला जुना रस्ता. बॉग म्हणजे वर्षानुवर्षं कुजलेल्या गवताची पाणथळ जमीन. तिच्या विटा कापून, वाळवून इथले लोक शेकोटीत जाळायचे. त्या विटा आणायला केलेला तो रस्ता.

माझी बॉस ईफा. तिने आधी बरीच वर्षं स्कॉटलंडमध्ये हेच काम केलं होतं. तिथे कायद्यानेच डोंगरात जाता येतं, नीट वागलं म्हणजे झालं. आयर्लंडमध्ये तसं नाही. जमीन ज्याची, त्याने हो म्हणावं लागतं. ईफाला हे माहीत होतं, पण पटलेलं कधीच नव्हतं.

"पहिला ग्रुप तीन आठवड्यांनी येतोय, मीना," ती म्हणाली. "बारा जण. मधली लिंक नसेल तर मी रूट रद्द करते आणि मागच्या वर्षीचाच चालवते."

"आणि माझं कॉन्ट्रॅक्ट?"

"ते रूटसाठीच होतं ना?" ती आवाज न चढवता म्हणाली. ती वाईट नव्हती. तिलाही ऑफिस चालवायचं होतं.

मी पुन्हा गेले. इन्शुरन्सचे कागद नेले, फोटो नेले, फाटकं बंद ठेवण्याची लेखी हमी नेली. मार्टिनने चहा दिला, बिस्किटं दिली, हवामानावर बोलला. निघताना म्हणाला, "You're grand, पण उत्तर तेच." इकडे 'ग्रँड' म्हणजे भव्य वगैरे काही नाही, 'ठीक आहे' एवढंच. मी गाडीत बसून दहा मिनिटं स्टिअरिंगकडे बघत राहिले.

त्या उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून आले होते. बाबा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. हयातभर लोकांच्या शेतांची मोजणी केली. आधी साखळीने, नंतर मशीनने. घरात बसून ते कंटाळले होते. आईने बजावलं, "ह्यांना कुठंतरी फिरवून आण बाई, दिवसभर खिडकीशी उभे असतात." तिसऱ्या खेपेला मी त्यांना सोबत घेतलं.

मार्टिनच्या फाटकाशी बाबा उतरले आणि उताराकडे बघत उभे राहिले. मग वाकून गवत चाचपलं.

"मीने, तुझी रेघ कुठनं जाती?"

मी दाखवलं.

"तिथं तर समदा लव्हाळा हाय. खाली पानी असणार." त्यांनी मार्टिनकडे बोट केलं. "ह्यो गडी न्हाई म्हनतोय, पर नेमकं कशाला? डोंगरात जायाचंच न्हाई, का हितनं जायाचं न्हाई? इचारलंस का?"

नव्हतं विचारलं. मी दोन्ही वेळा नकाशावरच्या रेघेवर बोट ठेवून परवानगी मागितली होती. आता विचारलं.

मार्टिनने काठीने लव्हाळ्याकडे दाखवलं. "माझ्या भावाचा ट्रॅक्टर तिथे आहे."

"कुठे?"

"आत. भाऊ उडी मारून वाचला. ट्रॅक्टर दुपारपर्यंत दिसत होता. संध्याकाळी नव्हता." मग तो माझ्याकडे वळला. "बारा माणसं तिथून जाताना मी बघायची? आणि उद्या कुणी विचारलं, तुला माहीत होतं का, तर काय सांगू?"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू कागद दाखवत होतीस."

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मार्टिनच्या खांद्यावर हात ठेवला. मार्टिनने बाबांच्या पायांकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "Your man has good boots. चला."

"काय म्हनतोय?"

"तुमचे बूट चांगले आहेत म्हणतोय."

तो आम्हाला उजवीकडून घेऊन गेला. कंबरेत दुखणं असलेला, तरी माझ्या पुढे. वर दगडी कुंपणाच्या कडेने एक पायवाट होती, कुठल्याच नकाशावर नसलेली. त्याची आई दर रविवारी तिथून पलीकडच्या खोऱ्यातल्या चर्चला जायची. चांगले बूट पिशवीत, पायात जुने. चर्चजवळच्या ओढ्यावर बूट बदलायचे. मार्टिन लहानपणी तिच्यामागून चालायचा. बायको गेल्यापासून तो स्वतः इतक्या वर कधी आला नव्हता. हे सगळं त्याने चालता चालता, एकेक वाक्य सोडत सांगितलं. बाबांना त्यातला शब्द कळत नव्हता. ते मधेमधे मार्टिनची काठी घेऊन रोवून बघायचे आणि मला सांगायचे, "हितं घट हाय. लिही." मी लिहीत होते. जीपीएस चालूच होता, पण मी लिहीत होते.

एकच अडचण निघाली. माथ्याजवळ चढ इतका उभा की वीस मिनिटं सायकल ढकलतच न्यावी लागणार. ईफा ऐकून खूश झाली नाही.

"लोक सुट्टी घेऊन सायकल ढकलायला येत नाहीत."

"एकदा येऊन बघ."

ती आली, आणि नेमकी पावसात. खांद्यावर सायकल घेऊन चढली, वाटेत मला दोन शिव्या दिल्या. माथ्यावर कुंपणाला टेकून बराच वेळ उभी राहिली. खाली दोन्ही खोरी, मधून सरकणारं धुकं. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण ब्रोशरमध्ये 'ढकलणे' हा शब्द नको."

मार्टिनच्या अटी तीन. एका वेळी बारापेक्षा जास्त नाहीत. मेंढ्या व्यायच्या दिवसांत कुणी नाही. आणि ही वाट इंटरनेटवर टाकायची नाही. तिन्ही आम्ही पाळल्या. पहिला ग्रुप आला तेव्हा तो फाटकाशी उभा राहून माणसं मोजत होता. पलीकडच्या बाजूला बारा उतरले, असा मी फोन केला तेव्हाच घरात गेला.

रूट सात वर्षं चालला. फीडबॅक फॉर्मवर लोक सगळ्यात जास्त लिहायचे ते ढकलण्याच्या वीस मिनिटांबद्दल. पुढे मार्टिन गेला. त्याच्या पुतण्याने तिथे स्प्रूसची सूचीपर्णी झाडं लावली, कुंपण पडलं, वाट झाकली गेली. ईफाने कंपनी विकली. आम्हीही डब्लिनला आलो. आता मी बॉल्सब्रिजच्या एका ऑफिसात बसून रूट आखते. लोक कुठून जातात ते स्क्रीनवर लाल रंगात दिसतं. जिथे लाल जास्त, तिथे आमची रेघ. काम झटपट होतं. बूट आठ-आठ महिने कोरडे असतात. कधी दुपारी खिडकीबाहेर पाऊस लागतो आणि मला तो उतार, पुढे चाललेले दोन म्हातारे आणि त्यांच्यामधला तो कुत्रा आठवतो. एकमेकांची भाषा न कळता तीन तास चालले होते दोघं. त्यानंतर त्यांची भेट झाली नाही, पण बाबा अजून फोनवर त्याला 'आपला मेंढरंवाला' म्हणतात.

ऑफिसात नवीन आलेल्यांना मी एकच गोष्ट सांगते. जमिनीच्या मालकाने 'नाही' म्हटलं की फॉर्मवर लगेच फुली मारू नका. बऱ्याचदा तो तुम्हाला नाही म्हणत नसतो, तुमच्या रेघेला म्हणत असतो. ते मान डोलावतात आणि फुली मारतात.