न अडकणारा डबा

आईच्या जुन्या गाण्याच्या डब्याला मी जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या नवऱ्यालाही दिल्या नसतील. तळहातावर मावेल एवढा तो डबा मेमरी कार्डावरची भजनं आणि गवळणी वाजवायचा, म्हणजे त्याच्या मनात आलं तर. बॅटरीचं झाकण केव्हाच हरवलेलं, तिथं रबर गुंडाळलेलं. सरळ ठेवला तर वाजायचा नाही. पिठाच्या डब्याला टेकवून जरा तिरका ठेवायचा आणि पाठीत दोन थापा घालायच्या. एवढे लाड करूनही गवळण ऐन रंगात आली की हा गप्प. मग आई भाकरी थापता थापता पुढच्या ओळी आपल्या आवाजात म्हणायची आणि डबा शुद्धीवर आला की गाणं पुन्हा त्याच्याकडे सोपवायची.

आई हसनाबादला एकटी राहते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, शेत बटाईनं दिलेलं आहे. मी तिची एकुलती एक लेक. जालन्यात मस्तगडला घर आणि घरातच शिलाईचं काम. मशीनवर बसले की हात चालतो आणि डोक्यात एकच भुंगा : तिला एकटीला काही झालं तर मला कळणार कसं? दर फोनला मी म्हणायचे, "माय, इकडं ये राह्यला." आणि ती म्हणायची, "तू दिवसभर मशिनीवर. मंग मी काय तिथं भिंतीला बोलू?"

हसनाबादला तिची भिंत बोलायची, हे मात्र खरं. परसात मध्ये कंबरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे आमच्या शेजारीण, ज्यांना मी खाला, म्हणजे मावशी, म्हणते. त्यांच्या घरात उर्दू, आमच्यात मराठी, आणि भिंतीवर दोन्हीची खिचडी. आई त्यांना आपा म्हणते, त्या आईला बाई म्हणतात. माझ्या जन्माच्या आधीपासून या भिंतीवरून ताक, लोणचं, शिरखुर्मा आणि गावभरच्या बातम्या इकडून तिकडे जातात.

पहाटे आईचा डबा वाजला की बाई उठल्या, हे खालांना कळायचं. असं कुणी ठरवलेलं नव्हतं. पण एका पहाटे डबा वाजलाच नाही. खालांनी भिंतीवरून हाका मारल्या, पुढच्या दाराची कडी वाजवली. दार आतून बंद, आतून उत्तर नाही. त्यांनी मला फोन लावला, "बेटी, आज डब्बा नहीं बजा. तू जल्दी निकल."

मी अंगावरच्या साडीनिशी बस पकडली. भोकरदनचा तो रस्ता कधी एवढा लांब वाटला नव्हता. रडू येत होतं आणि शेजारच्या सीटवरची बाई मला कपाशीचं काय झालं ते सांगत होती. घरी पोचले, तर आई परसात बसून मुगाच्या शेंगा सोलत होती. शेजारी खाला, दोघींच्या हातात चहा. डबा बिघडला म्हणून आई मागच्या दारानं तशीच शेतावर निघून गेली होती. फोन घरातच चार्जिंगला लावलेला.

"आलीस व्हय? बस, च्या घे," आई म्हणाली.

मी चहा घेतला नाही. मी जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी डबा उचलला आणि म्हणाले, "आज याचा निकाल लावते."

त्याच आठवड्यात तिला जालन्याला घेऊन आले आणि आमच्याच गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात गेलो. जुना डबा तिनं पदरात बांधून आणला होता. दुकानदारानं तो उघडला, आत फुंकर मारली, पुन्हा मिटला. "काकू, आता याचं काही मिळत न्हाई. थापा घालून वाजेल तेवढं वाजेल. हे एवढी वर्षं चाललं हेच लई झालं."

"आमच्या ह्यांचा रेडिओ त्यांच्यापेक्षा जास्त जगला," आई म्हणाली.

ते खरं होतं. वडिलांचा तो लाकडी रेडिओ, त्याची ती दोन गोल बटणं. तो घरात माझ्या आधी आला होता आणि माझ्या लग्नानंतरही बातम्या देत होता. माझ्या लग्नातला मिक्सर मात्र पहिल्या बाळंतपणापर्यंतही टिकला नाही. आता वस्तू घरात येते तीच पाहुण्यासारखी, चपला दाराकडे तोंड करून काढलेल्या. फोन घ्यावा, तो हाताला सवयीचा व्हावा, की दुकानदार सांगणार, नवीन आलाय. मला याचा राग येतो, पण आईला रागबिग येत नाही. वस्तू बिघडली की ती बिघाडासकट संसार करते. आमच्या घरातली कुठलीच वस्तू मेली म्हणून बाहेर गेलेली नाही. ती कोनाड्यात जाते.

दुकानात आईनं चार-पाच डबे नाकारले, कारण त्यांना बोटानं दाबायची बटणं होती. मग एका डब्यावर तिची नजर गेली. त्याला आवाजासाठी गोल बटण होतं, रेडिओच्या बटणासारखं. तिनं ते हळूच फिरवून पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की मला उगीच भरून आलं. वर दुकानदार म्हणाला, त्यात घड्याळ आहे, पहाटेची वेळ लावून ठेवा, आपोआप वाजेल. "म्हंजे मी चूल पेटवेस्तोवर ह्यानं सुरू व्हायचं? बिलकुल बराबर!" तिला तेच हवं होतं. मलाही. न अडकता, न चुकता रोज पहाटे वाजणारा डबा. आता खालांचा फोन येणार नाही आणि माझा जीव टांगणीला लागणार नाही, असं मला वाटलं.

डबा खरोखर एकही दिवस चुकला नाही. पण पुढच्या खेपेला गेले तेव्हा आई भाकरी थापत होती, गवळण पूर्ण वाजत होती, आणि आई गप्प होती. गाणं अडकतच नाही, तर तिनं मध्ये कुठं शिरायचं? खाला भिंतीपलीकडून म्हणाल्या, "डब्बा अच्छा है बेटी. पर बाई गाना छोड़ दी."

मी हसून सोडून दिलं.

मग हिवाळ्यात त्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी त्या भोकरदनच्या दवाखान्यातून बोलत होत्या. आई पहाटे न्हाणीपाशी शेवाळावरून घसरली होती. घोट्याचं हाड चिरलं होतं, बाकी ठीक होती.

दवाखान्यात पोचले तेव्हा आईच्या पायाला प्लास्टर आणि खालांच्या मांडीवर आईचं डोकं. मी दोघींना धरून पोटभर रडले. मग विचारलं, "माय, हाक का नाही मारलीस?"

"मारल्या की. पर डबा मोठ्यानं सुरू व्हता. त्याच्यापुढं माझा आवाज कोण ऐकून राह्यलं?"

ती थंडीत ओल्या फरशीवर पडलेली आणि आत मी आणून दिलेला डबा वेळेवर, न अडकता, सगळ्या गल्लीला सांगत होता की बाई उठल्या, बाई खुशाल आहेत. मी खालांकडे पाहिलं. "मग तुम्हाला कळलं कसं?"

"अजान हुई," त्या म्हणाल्या, "और डब्बा चिल्लाताच रहा."

मला एकदम सगळं आठवलं. लहानपणापासून पाहत आले होते आणि कधी लक्ष दिलं नव्हतं. मशिदीतून अजान सुरू झाली की आई, हात पिठात असोत नाहीतर राखेत, उठून आवाज खाली करायची. अजान संपली की पुन्हा वर. रेडिओपासूनची सवय. खालाही आईच्या आरतीच्या वेळी त्यांचा टीव्ही असाच हळू करायच्या. त्याबद्दल कुणी कधी कुणाला काही बोललेलं मी ऐकलं नाही.

"मैं बोली, इतने बरसां में बाई ने ऐसा कभी नहीं किया," खाला सांगत होत्या. "नमाज बाद में पढ़ी मैं. पहले दीवार चढ़ी."

"ह्या वयात!" आई त्यांच्या मांडीवरूनच म्हणाली. "तूबी पडली असतीस म्हंजे?"

"तो दोनों को एकच गाड़ी में लाए रहते," खाला म्हणाल्या, आणि दोघी हसायला लागल्या.

आईला घरी आणलं त्या दिवशीच मी डब्यातलं घड्याळ बंद करून टाकलं. आता तो हातानं लावावा लागतो. तिचा पाय बरा होईपर्यंत मी शिलाई बाजूला ठेवून तिथंच राहिले. तिला जालन्याला न्यायचं, हे मनात पक्कं केलं होतं. आता ती नाही म्हणूच शकणार नाही, असं मला वाटत होतं. तिची पातळंसुद्धा मी एका पिशवीत घालून ठेवली होती.

एका पहाटे मी चुलीपाशी होते, आई अंथरुणात. डबा मीच लावला होता. अजान सुरू झाली तशी आई आतून ओरडली, "अगं, आवाज!" मी धावत जाऊन बटण फिरवलं.

अजान संपली, नमाजाचा वेळ गेला. मग भिंतीपलीकडून खालांचा आवाज आला.

"बेटी, आज तू है क्या? बाई का पैर दुख रहा क्या जास्ती?"

मी पिठाच्या हातानं परसात गेले. "मीच आहे. पण तुम्हाला कसं कळलं?"

"बाई का हात आहिस्ता फिरता," त्या म्हणाल्या. "तू तो नल बंद करे जैसा बंद की."

माझ्या मस्तगडच्या घराला चारी बाजूंनी भिंती आहेत. त्यांच्यापलीकडे कोण झोपतं आणि कधी उठतं, हे मला आजही माहीत नाही.

आईचा पाय जमिनीला टेकायला लागल्यावर मी तिची पातळं पिशवीतून काढून परत घडी करून ठेवली. कोनाड्यातला जुना डबा काढला, त्याचं रबर बदललं, आणि पिठाच्या डब्याला तिरका टेकवून ठेवला. त्या दिवशी जालन्याच्या बसला मी एकटीच बसले.