मेश्राम मॅडमचं म्हणणं

मेश्राम मॅडमचं म्हणणं मी चोरलं. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की हेच वाक्य आधी येतं, म्हणून ते लिहून टाकतो.

त्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅन्युअल लिहायच्या. मूळच्या भंडाऱ्याच्या, नोकरीसाठी पुण्यात आलेल्या, राहायला येरवड्यात. जिथे साहेबालाही नावाने हाक मारायची पद्धत होती, तिथे वयाने मोठ्या म्हणून त्या एकट्या 'मॅडम' होत्या. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून वाचत बसायच्या. वाचताना ओठ हलायचे. एखादं पान आवडलं की पुढे न जाता तेच पुन्हा वाचायच्या. मी एकदा म्हटलं, "मॅडम, या वेगाने हे पुस्तक निवृत्तीपर्यंत पुरेल." त्या म्हणाल्या, "पुरू द्या ना जी. पुस्तकाला कुठं गाडी पकडायची आहे?"

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचं. तिथल्या एक बाई दर हिवाळ्यात कामासाठी यायच्या. त्यांनी हौसेने एक वाचन-चॅलेंज सुरू केलं होतं. वर्षभर स्कॉटिश कथा-कादंबऱ्या वाचायच्या आणि डिसेंबरात कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर त्यांवर इंग्रजीत बोलायचं. नियम एकच: आधीच्याने मांडलेला मुद्दा पुन्हा मांडायचा नाही. आमच्यातल्या बहुतेकांना पुस्तकांपेक्षा बाईंच्या नजरेत भरण्यात रस होता. परदेशी पाठवणं तेव्हा त्यांच्या हातात होतं. मीही त्यातलाच. मॅडम मात्र दर वर्षी खरोखर वाचायच्या आणि डिसेंबरात मागच्या रांगेत बसून नुसत्या ऐकायच्या. लिहायला सांगा, त्यांचं इंग्रजी आमच्याहून नेटकं. बोलायला मात्र धजायच्या नाहीत.

त्या वर्षी आम्ही दोघांनी एकच कादंबरी घेतली. मासेमारीच्या गावातली एक मुलगी शहरातल्या शाळेत जाते, अशी गोष्ट. संवाद सगळे त्या गावच्या बोलीत. मी पहिल्या प्रकरणातच कंटाळलो.

"हे काय इंग्रजी आहे का मॅडम? एक स्पेलिंग धड नाही."

"उच्चारून वाचा, आपटेभाऊ. कानानं कळते ते." मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "या पोरीला घरचं बोलणं शाळेच्या दाराशी चपलेसारखं काढून ठेवावं लागते. आणि मग होते काय, परत येऊन घालते तोवर पाय मऊ झालेला असतो. तीच चप्पल चावते." पुढे म्हणाल्या, "मी पुण्यात आली तेव्हा 'करून राहिली' म्हटलं की इथले हसत. आता गावी गेली की बहिणी हसतात, पुण्यासारखी बोलते म्हणून. यंदा मी बोलणार आहे जी. मोडकंतोडकं का होईना."

'करून राहिली'वर हसणाऱ्यांत मीही होतो. मी कसबा पेठेतला. माझं घरचं बोलणं आणि पाठ्यपुस्तकातलं बोलणं एकच. मला कुठल्याच दाराशी कधी काही काढून ठेवावं लागलं नव्हतं.

डिसेंबरात बाईंनी विचारलं, या कादंबरीवर आधी कोण बोलणार? मी उठलो. चोरायचं ठरवून उठलो नव्हतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. उठतानाच मला ठाऊक होतं की बोलायला माझ्याजवळ तेवढं एकच आहे. मी ती चप्पल सांगितली, तो मऊ पाय सांगितला. वर एक गावाकडची आत्या जोडून दिली, जिला आपल्याच घरचे हसतात. टाळ्या पडल्या. बाईंनी उठून हात मिळवला.

मग मॅडम उभ्या राहिल्या. कधी नव्हे ती इस्त्रीची रेशमी साडी नेसून आल्या होत्या. हातातला टिपणांचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग हळू म्हणाल्या, "मला म्हणायचं होतं ते यांनी सांगितलं," आणि बसल्या.

आमच्यातले गोखले कुणाला सोडत नसत. ते म्हणाले, "अहो, मग वर्षभर कशाला डोळे फोडलेत? आपट्यांना विचारायचं, पाच मिनिटांत सांगितलं असतं!" सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नेहमीसारखी वांग्याची भाजी माझ्याकडे सरकवली. कुणाला काही सांगितलं नाही, मला काही विचारलं नाही. फक्त पुस्तकाविषयी माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पुढे मला एडिंबरोला पाठवलं. ते त्या भाषणामुळेच असं मी म्हणत नाही. पण नाही, असंही म्हणवत नाही. तिथल्या थंडीत एकदा ती कादंबरी खरोखर वाचून काढली. मॅडम म्हणाल्या होत्या तसं, उच्चारून.

परत आल्यावरही तोंड उघडायला मला अनेक वर्षं लागली. मॅडम निवृत्त व्हायच्या होत्या, त्या वर्षी येरवड्याला त्यांच्या घरी गेलो.

"मॅडम, त्या डिसेंबरात माझं चुकलं. फार चुकलं."

त्यांनी चहा पुढे ठेवला. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "हे मला कायले सांगता, आपटेभाऊ? मला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगा ना."

एवढंच. मग त्या चहात साखर पुरेशी आहे का, ते विचारायला लागल्या.

त्या वर्षीच्या डिसेंबरात कॅन्टीन नव्या मुलामुलींनी भरलं होतं. बाई आल्या होत्या, गोखलेही होते. मॅडम मागच्या रांगेत. माझी पाळी आल्यावर मी पुस्तकावर बोललो नाही. बाईंना कळावं म्हणून इंग्रजीत म्हणालो, "काही वर्षांपूर्वी मी इथे एका कादंबरीवर बोललो आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. ती मी तेव्हा वाचलीही नव्हती. त्यातला शब्दन्‌शब्द मेश्राम मॅडमचा होता. गावाकडची आत्या म्हणून सांगितली, त्या याच. त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं, कारण ते मी आधीच घेतलं होतं. आणि आपण सगळे त्यांना हसलो."

मी मागच्या रांगेकडे वळलो आणि मराठीत म्हणालो, "मॅडम, मला माफ करा."