पहिल्या क्रमांकावर वाघोली

मी बिबवेवाडीतल्या एका छोट्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळते. तीन कोटेशनं मागवायची, तुलनेचा तक्ता करायचा, साहेबांची सही घ्यायची, हे माझं वर्षानुवर्षांचं काम. त्यामुळे सात वर्षांपूर्वी मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची वेळ आली, तेव्हा मी कॉलेजांचाही तक्ता केला. चार वर्षांची फी, येण्याजाण्याचा खर्च, पास झाल्यावरचा पगार आणि शेवटच्या रकान्यात, घातलेले पैसे किती वर्षांत वसूल होतील ते.

मुलीला शहरातलं सरकारी कॉलेज हवं होतं, इलेक्ट्रिकल शाखा. फी अगदी थोडी. माझ्या तक्त्यात मात्र वाघोलीचं एक खासगी कॉलेज जिंकत होतं, कॉम्प्युटर शाखेसाठी. फी कितीतरी पट, कर्ज काढावं लागणार हे उघड होतं. पण माहितीपत्रकावर पगाराचा जो आकडा छापला होता, तो पाहता कर्ज दोन वर्षांत फिटत होतं. सरकारी कॉलेजचं माहितीपत्रक मला कुठे मिळालंच नाही. त्या रकान्यात मी आमच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या इंजिनिअरचा पगार लिहून टाकला.

"आई, मला दिवसभर कोड लिहायचा नाहीये. मला मोटर, ट्रान्सफॉर्मर असलं काहीतरी शिकायचंय."

"आवड बदलते गं. तू तक्ता बघ."

"तक्ता तूच केलायस," असं म्हणून ती आत निघून गेली.

प्रवेशासाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. मी घरातल्या कामांची यादी जशी करते तसाच तो भरला. जे नक्की होणार ते सगळ्यात वर. वाघोलीचं कॉलेज तिच्या मार्कांना मिळणारच होतं, म्हणून पहिल्या क्रमांकावर. सरकारी कॉलेज अगदी काठावर होतं, म्हणून दुसऱ्या. वाघोली एकदा हातात आलं की पुढच्या फेरीत तिच्या समाधानासाठी सरकारीही बघू, असा माझा विचार होता. फॉर्म पक्का करायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती.

कागदपत्रं तपासून घ्यायला आम्ही सदाशिव पेठेजवळच्या मदत केंद्रावर गेलो. टेबलामागे निवृत्तीला आलेले एक कारकून होते. त्यांनी दाखले पाहिले, शिक्के मारले. मी सहज पसंतीक्रमाचा कागदही पुढे केला. तो त्यांनी चष्मा वर करून वाचला.

"वाघोली पहिलं का?"

"ते नक्की मिळेल ना. आधी ते उरकून टाकलं."

"उरकायला हा काय किराणा आहे? अहो, पहिल्या क्रमांकाचं मिळालं की विषय संपला. ते घ्या, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. दुसऱ्याकडे कुणी बघतही नाही."

मी घाईघाईने तक्ता काढला. वाघोली पहिलं ठेवण्यातही काही वावगं नाही, हे मला दाखवायचं होतं. पगाराच्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हा पगार कोणाचा?"

"माहितीपत्रकात आहे."

"ते समजलं. कोणाचा?"

मी पिशवीतून माहितीपत्रक काढून पाहिलं. आकड्याखाली कोणाचंच नाव नव्हतं.

"आपण काय करता?"

"खरेदी विभागात आहे."

"तिथेही कॅटलॉगमधलं चित्र बघून माल घेता?" आणि मग मुलीकडे वळून, "बाळ, तू का गप्प? शिकायचंय कुणाला?"

मुलगी म्हणाली, "सरकारी. इलेक्ट्रिकल." तिचा आवाज चिरका झाला होता. तो ऐकून मला कळलं की गेले आठ दिवस ती घरात बोललीच नव्हती.

बाहेर येऊन पायरीवर बसूनच मी दोन फोन केले. कारखान्यात नवीन पुरवठादाराबद्दल त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारतो, ते मी इथे केलंच नव्हतं. पहिला फोन आमच्या एका पुरवठादाराच्या मुलाला. तो वाघोलीच्या त्याच कॉलेजातून पास झाला होता. "काकू, तो आकडा आमच्या बॅचमधल्या एकाचा. मी आठ महिने घरी होतो. हप्ते बाबांनी भरले." दुसरा आमच्या मेंटेनन्स इंजिनिअरांना, ते त्या सरकारी कॉलेजचे. "पगार काही फार मोठा नव्हता, मॅडम. पण डोक्यावर कर्ज नव्हतं. पहिली नोकरी पटली नाही, सोडली."

मुलीने तिथेच मोबाइलवर क्रम बदलला. मी नुसती बघत होते. पहिल्या फेरीत वाघोलीच आलं, पण ते आता दुसऱ्या क्रमांकावर असल्यामुळे पुढे थांबता आलं; दुसऱ्या फेरीत सरकारी कॉलेज मिळालं. पेढे घेऊन मी त्या कारकुनांकडे गेले. "ठेवा," ते म्हणाले, "पावती मिळणार नाही." आणि पुढच्याला हाक मारली.

चार वर्षं दर जूनमध्ये फी भरताना मला थोडं अवघडल्यासारखं व्हायचं. एवढ्या पैशात प्रयोगशाळेतली वायरसुद्धा येत नाही, हे खरेदीतल्या माणसाला कळतं. उरलेले कुणीतरी भरत होतं. आमच्या फाटकावर माल उतरवणारे हमाल साबण घेतला तरी कर देतात, आणि त्यांच्यातल्या कुणाचं मूल त्या कॉलेजात गेल्याचं मी ऐकलेलं नाही. आभार मानायचे तर त्यांचे. पण ते कुठल्या तोंडाने मानायचे, हे मला अजून जमलेलं नाही. मुलीला मात्र मी हे स्पष्ट सांगितलेलं आहे.

तिचा पहिला पगार माहितीपत्रकातल्या आकड्याच्या आसपासही नव्हता. गेल्या वर्षी तिने ती नोकरी सोडली आणि जुन्या मोटरी दुरुस्त करून कमी विजेवर चालवणाऱ्या एका लहान कंपनीत गेली.

"आई, इथे पगार आधीपेक्षा कमी आहे," भाजी निवडता निवडता तिने सांगितलं.

"भागेल?"

"भागेल. कुणाचं देणं नाहीये ना."

"मग विचारतेस कशाला?"

"विचारत नाहीये," ती म्हणाली, "सांगतेय."